हार्ड डिस्कचे विभाजन : सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी

नवा लॅपटॉप घरी आला, की पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास विचारला जातो : यात फक्त ‘सी’ ड्राइव्हच कसा? ‘डी’ आणि ‘ई’ कुठे गेले? लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवून घेण्याच्या काळात ज्यांचा संगणकाशी परिचय झाला, त्यांच्या मनात हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग असणे हे संगणक ‘व्यवस्थित’ असण्याचे लक्षणच होऊन बसले आहे. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये कामाच्या फायली, ‘ई’मध्ये गाणी आणि छायाचित्रे, अशी ती घरोघरची वाटणी. मग महाजालावर शोध घेतला जातो आणि पार्टिशन करणाऱ्या सॉफ्टवेअरची भलीमोठी यादी समोर येते. प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःला मोफत, सोपे आणि सुरक्षित म्हणवत असते.

यांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न खरे पाहता तिसरा आहे. विभाजनाची आपल्याला गरज आहे का, हा पहिला. आणि असल्यास नेमके कोणते काम करून घ्यायचे आहे, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की अनेक वाचकांना असे आढळून येईल की वेगळ्या सॉफ्टवेअरची आवश्यकताच नाही. ज्यांना ती आहे, त्यांची निवडही बरीच सोपी होईल. मात्र येथे चूक झाली तर एखादी फाइल नव्हे, तर संपूर्ण डिस्कवरील मजकूर एका क्षणात दिसेनासा होऊ शकतो. म्हणूनच हा विषय थोडा मुळापासून समजून घेणे हिताचे आहे.

पार्टिशन म्हणजे काय?

चाळीतल्या एका खोलीत लाकडी पार्टिशन टाकून स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली वेगळी केली जात असे. पार्टिशनमुळे खोल्या दोन झाल्या, तरी छप्पर एक, भिंती त्याच आणि दरवाजाही तोच. हार्ड डिस्कचे विभाजन याच जातीचे आहे. डिस्क एकच असते. तिच्या कोणत्या जागेपासून कोणत्या जागेपर्यंत कोणता भाग आहे, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका लहानशा तक्त्यात केलेली असते. त्या तक्त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. विंडोज ही नोंद वाचते आणि प्रत्येक भागाला ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे देते.

या तक्त्याचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकाराला एमबीआर म्हणतात. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात त्याचा मुक्काम असतो आणि त्यातील केवळ ६४ बाइट पार्टिशनांच्या नोंदींसाठी राखलेले असतात. एका नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणजे मुख्य पार्टिशने फार तर चार. शिवाय जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहावा लागत असल्याने सर्वसाधारण डिस्कवर सुमारे २ टीबीच्या पलीकडील जागा या पद्धतीला हाताळता येत नाही. नव्या प्रकाराचे नाव जीपीटी. विंडोजमध्ये त्यात १२८ पार्टिशनांची सोय आहे आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. अलीकडच्या काळातील जवळजवळ सर्व लॅपटॉप जीपीटी पद्धतीचेच आहेत.

आपल्या डिस्कवर कोणती पद्धत आहे, हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही सॉफ्टवेअरला हात लावू नये. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज आणि त्यातील व्हॉल्यूम्स हा विभाग उघडला, की ती लिहिलेली दिसते.

सक्तीची झाली सवय

डिस्कचे तुकडे करण्याची प्रथा आली कुठून? आयबीएमने १९८३ मध्ये पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. त्याच वर्षी आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत एफडिस्क ही आज्ञावली देण्यात आली. अनेकांनी पुढे जिचा धसका घेतला, तीच ही आज्ञावली. डिस्कचे भाग बदलायचे, तर आधी असलेला भाग पुसून टाकायचा, हाच तिचा एकमेव मार्ग होता.

पुढे डिस्क मोठ्या होत गेल्या, पण फॅट १६ ही फायली साठवण्याची पद्धत तीच राहिली. डॉस आणि पहिल्या विंडोज ९५ मध्ये तिला एका भागात २ जीबीपेक्षा अधिक जागा हाताळता येत नव्हती. त्यामुळे ४ जीबीच्या डिस्कचे किमान दोन भाग करणे ही आवड नव्हे, सक्तीच होती. शिवाय २ जीबीच्या भागात लहानात लहान फाइलसुद्धा ३२ केबी जागा अडवून बसत असे. भाग लहान केला की हा अपव्यय कमी होई. १९९६ मध्ये आलेल्या फॅट ३२ ने २ जीबीची अडचण दूर केली आणि विंडोज एक्सपीनंतर घरोघरी एनटीएफएस पद्धत रुळली. कारण संपले, सवय मात्र उरली.

याच काळात पार्टिशनमॅजिक हे नाव घरोघरी पोहोचले. पॉवरक्वेस्ट या अमेरिकी कंपनीच्या या सॉफ्टवेअरमुळे डिस्कवरील मजकूर न पुसता तिचे भाग लहान-मोठे करता येऊ लागले. २००३ मध्ये सिमँटेकने ही कंपनी विकत घेतली. मात्र विंडोज व्हिस्टाला चालेल अशी आवृत्ती काही आली नाही आणि २००९ मध्ये हे सॉफ्टवेअर अधिकृतपणे बंद झाले. आजही एखाद्या जुन्या सीडीवर ते सापडते. नव्या संगणकावर ते चालवून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या काळी जीपीटी घरगुती संगणकात आलेच नव्हते, त्या काळच्या साधनाकडून आजच्या डिस्कवर काम करून घेणे धोक्याचे आहे.

आज विभाजनाची गरज कोणाला?

विभाजनाच्या बाजूने तीन कारणे नेहमी सांगितली जातात. ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण वेगाचे. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमध्ये बाहेरच्या वर्तुळातील मजकूर अधिक वेगाने वाचला जातो. त्यामुळे विंडोजला सुरुवातीचा लहान भाग देण्यात काही अर्थ होता. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तेथे हे कारण उरत नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे, आणि सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. ‘माझी छायाचित्रे डीमध्ये आहेत, त्यामुळे ती सुरक्षित आहेत’ असे म्हणणारे बरेच जण भेटतात. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना छप्पर एकच असते, हे येथे आठवावे. डिस्क निकामी झाली तर ‘सी’ आणि ‘डी’ एकदमच जातात. लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही जातात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू शिरला तर तोही ‘सी’वर थांबत नाही. ‘डी’ ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे दुसऱ्या, वेगळ्या वस्तूवर असलेली प्रत.

तिसरे कारण मात्र खरे आहे. विंडोज बिघडली आणि ‘सी’ पुसून ती पुन्हा टाकावी लागली, तर ‘डी’मधील फायलींना धक्का लागत नाही. परंतु यालाही मर्यादा आहे. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे मुळात ‘सी’वर असतात, ती मुद्दाम हलवली नाहीत, तर ‘डी’ असूनही महत्त्वाच्या फायली ‘सी’तच राहतात. मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिकोडपूर्व काळातील टंकांत टाइप केलेले दस्तऐवज ‘डी’वर शाबूत राहतील, पण ते टंक विंडोजसोबत ‘सी’वर असतात. टंकांची प्रत जवळ नसेल, तर आपलेच लेखन आपल्याला वाचता येणार नाही.

याखेरीज विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायचे असेल, लहान डिस्कच्या जागी मोठी डिस्क बसवली असेल किंवा ‘सी’ काठोकाठ भरला असून ‘डी’ रिकामा असेल, तर विभाजनात फेरफार करणे रास्त ठरते. केवळ फायली नीटनेटक्या ठेवायच्या असतील, तर फोल्डर पुरेसे आहेत. फोल्डरची जागा गरजेप्रमाणे वाढते. पार्टिशनची वाढत नाही.

विभाजन करायचेच ठरले, तर ‘सी’ला हात आखडता घेऊन जागा देऊ नये. ५१२ जीबीची म्हणून विकली जाणारी एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबीची दिसते. यात फसवणूक नाही. उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यातील १५० ते २०० जीबी ‘सी’साठी ठेवणे शहाणपणाचे. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची असली, तरी अद्ययावत करण्यासाठी लागणारी जागा आणि कार्यक्रमांचा वाढता आकार पाहता तेवढ्यात भागवणे कठीण आहे.

कामानुसार जोखीम

विभाजनाची सर्व कामे सारख्याच धोक्याची नसतात. सॉफ्टवेअर निवडताना हा फरक निर्णायक ठरतो.

रिकाम्या डिस्कवर नवे पार्टिशन तयार करणे हे सर्वांत निर्धोक काम. तेथे गमावण्यासारखे काही नसते. असलेला भाग उजवीकडून आखडून घेणे किंवा त्याच्या लगतच उजवीकडे असलेली मोकळी जागा त्यात मिळवणे, हे मध्यम जोखमीचे. यात भागाची सुरुवात जागची हलत नाही. मात्र भागाची सुरुवातच पुढे किंवा मागे सरकवायची असेल, तर त्यातील शेकडो जीबी मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर याला काही तास लागू शकतात. हे चालू असताना वीज गेली, तर अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी अशी त्रिशंकू अवस्था होते. एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणे हे काम झटपट होते, पण त्यानंतर संगणक सुरू होण्याची पद्धतच बदलते. म्हणून तेही जपूनच करावे.

विंडोजमध्ये असलेली साधने

डिस्क मॅनेजमेंट हे साधन विंडोज २००० पासून विंडोजमध्येच आहे. विंडोज व्हिस्टापासून त्यात ‘श्रिंक व्हॉल्यूम’ आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ या सोयी आल्या. स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबले, की त्याचे नाव दिसते. नव्या लॅपटॉपवर ‘सी’ आखडून ‘डी’ तयार करणे एवढेच काम असेल, तर याहून वेगळे काहीही उतरवून घेण्याची गरज नाही. ‘सी’वर उजवे बटण दाबून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे, किती एमबी जागा काढायची ते लिहावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर उजवे बटण दाबून नवा व्हॉल्यूम तयार करावा. १०० जीबी म्हणजे १,०२,४०० एमबी, हा हिशेब लक्षात ठेवावा.

येथे एक अडचण हटकून येते. ‘सी’त ३०० जीबी मोकळे दिसत असूनही विंडोज त्याहून कितीतरी कमी जागा काढू देते. पेज फाइल, हायबरनेशन फाइल आणि रिस्टोअर पॉइंट यांसारख्या काही फायली चालू विंडोजला हलवता येत नाहीत. त्यांतील शेवटची फाइल जिथे बसली असेल, तिथवरच भाग आखडता येतो. हायबरनेशन आणि पेज फाइल तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न केल्यास अनेकदा अधिक जागा मिळते. काम झाल्यावर त्या पूर्ववत चालू कराव्यात.

दुसरी अडचण ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ची. मोकळी जागा असूनही ही ओळ फिकट दिसते, दाबली जात नाही. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे, कारण बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे लोक वळतात ते बहुधा याचमुळे. विंडोजला मोकळी जागा ‘सी’च्या अगदी लगत उजवीकडे हवी असते. विंडोज १० च्या अलीकडील आवृत्त्या मात्र स्थापनेच्या वेळी ‘सी’च्या पाठोपाठ रिकव्हरी पार्टिशन ठेवतात. विंडोज सुरूच झाली नाही, तर दुरुस्तीसाठी लागणारी साधने त्यात असतात. समजा, २५६ जीबीच्या एसएसडीची हुबेहूब प्रत १ टीबीच्या नव्या एसएसडीवर उतरवली. सारी वाढीव जागा शेवटी जाते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसते. विंडोजला त्यावरून उडी मारता येत नाही. ते पार्टिशन उजवीकडे टोकाला सरकवणे, हाच येथील खरा उपाय आहे आणि हे काम डिस्क मॅनेजमेंटच्या आवाक्यात नाही.

या छोट्या पार्टिशनचे महत्त्व जानेवारी २०२४ मध्ये अनेकांना कळून आले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अद्यतन दिले. रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागा नसलेल्या संगणकांवर ते बसेना. केवळ चुकीचा क्रमांक दाखवून थांबू लागले. हे पार्टिशन २५० एमबीने वाढवावे, अशी सूचना मायक्रोसॉफ्टने दिली आणि त्यासाठी सामान्य वापरकर्त्यांना आज्ञा टाइप करत बसावे लागले. ‘हा निरुपयोगी भाग दिसतो, काढून टाकू’ असे म्हणून ही लहान पार्टिशने पुसून टाकणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. विशेषतः १०० एमबीच्या आसपासचे ईएफआय पार्टिशन पुसले, तर संगणक सुरूच होणार नाही.

डिस्कपार्ट हे विंडोजचे दुसरे साधन आज्ञा टाइप करून चालवायचे असते. ते समर्थ आहे, पण निष्ठुरही. त्यातील ‘क्लीन’ ही आज्ञा निवडलेल्या डिस्कचा संपूर्ण तक्ता पुसते आणि ‘खात्री आहे का?’ असे एकदाही विचारत नाही. डिस्कचा क्रमांक ० ऐवजी १ झाला, तर पेन ड्राइव्हऐवजी वर्षानुवर्षांचा संग्रह जातो. ज्यांना आज्ञांची सवय नाही, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

एमबीआरचे जीपीटी करण्यासाठी ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुने संगणक विंडोज ११ वर नेऊ पाहणाऱ्यांना त्याची गरज पडते. ते आधी केवळ तपासणी करून रूपांतर शक्य आहे की नाही ते सांगते. ही तपासणी वगळू नये. डिस्कवर तीनपेक्षा अधिक मुख्य पार्टिशने असतील, तर ते नकार देते. रूपांतरानंतर संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये यूईएफआय पद्धत निवडावी लागते.

बाहेरचे सॉफ्टवेअर : निवडीच्या कसोट्या

पार्टिशन सरकवायचे असेल, लिनक्सचे भाग हाताळायचे असतील किंवा विंडोज जितकी जागा देते त्याहून अधिक काढायची असेल, तर बाहेरच्या साधनाकडे जाणे क्रमप्राप्त आहे. ईझयूएस पार्टिशन मास्टर, एओएमईआय पार्टिशन असिस्टंट आणि मिनीटूल पार्टिशन विझार्ड ही विंडोजवर चालणारी परिचित नावे. तिन्हींच्या मोफत आणि सशुल्क अशा आवृत्त्या आहेत. जीपार्टेड हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. निवड करताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. आधी आराखडा, मग कृती. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आपण सुचवलेले बदल आधी चित्ररूपाने दिसतात आणि ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही घडत नाही. वरील चारही साधनांत ही सोय आहे. याउलट डिस्क मॅनेजमेंटमध्ये आज्ञा दिली, की ती तत्काळ अमलात येते.

२. मोफत म्हणजे कुठपर्यंत मोफत? काही सोयी मोफत आवृत्तीत दिसतात, पण प्रत्यक्ष काम करण्याच्या क्षणी पैसे मागितले जातात. कोणती सोय मोफत, हे आवृत्तीगणिक बदलत असते. म्हणून आपले नेमके काम कोणते, ते एका वाक्यात लिहून काढावे आणि निर्मात्याच्या अधिकृत तक्त्यात ते मोफत आवृत्तीत आहे का, ते आधी पाहावे. एकदाच करायच्या कामासाठी वर्षभराची वर्गणी भरणे क्वचितच परवडते.

३. विंडोजबाहेरून चालण्याची क्षमता. ज्या ‘सी’वर विंडोज चालू आहे, त्याचीच जागा बदलणे म्हणजे बसलेल्या माणसाच्या खालची सतरंजी ओढणे होय. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून काम करू देणारे साधन अशा वेळी अधिक भरवशाचे.

४. बिटलॉकरशी वागणूक. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खाते वापरून नव्याने स्थापना केल्यास बहुतेक संगणकांवर डिस्कचे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते. अनेकांना याचा पत्ताही नसतो. अशा डिस्कवर बाहेरची बहुतेक साधने काम करू शकत नाहीत. पार्टिशन सरकवण्यापूर्वी कूटबद्धीकरण सेटिंग्जमधून पूर्णपणे बंद करावे, ते संपेपर्यंत थांबावे आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करावे. त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून घेऊन कागदावर लिहून ठेवावी.

५. उगम. सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. सशुल्क आवृत्तीची ‘क्रॅक’ केलेली प्रत वापरणे बेकायदेशीर तर आहेच. पण ज्या कार्यक्रमाला आपण संपूर्ण डिस्कवर अधिकार देतो, तोच अनोळखी हातांतून आलेला असणे हा निव्वळ अविचार आहे. अधिकृत प्रत बसवतानाही सोबत येणारे इतर कार्यक्रम नाकारण्याची खूण शोधावी.

विंडोजची सवय असलेल्या आणि रिकव्हरी पार्टिशन सरकवण्यासारखे एकच काम असलेल्या वाचकाला वरील तीन व्यावसायिक साधनांपैकी कोणतेही, त्याची मोफत मर्यादा तपासून, चालण्यासारखे आहे. ज्यांना थोडे शिकण्याची तयारी आहे, त्यांनी जीपार्टेडचा विचार अवश्य करावा. त्याची ‘लाइव्ह’ आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावर सुरू करता येतो. त्यात जाहिरात नाही, वर्गणी नाही, आणि विंडोजच्या एनटीएफएससह लिनक्सच्या ईएक्सटी४ पर्यंत अनेक पद्धती ते ओळखते. मात्र एक पथ्य आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट निद्रावस्थेत राहते. अशा भागाला जीपार्टेड हात लावण्यास नकार देते आणि ते योग्यच आहे. शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केल्यास विंडोज पूर्णपणे बंद होते.

‘कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क’ असा प्रश्न विंडोजने विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. एमबीआर डिस्कवर चार मुख्य पार्टिशने आधीच असताना पाचवे करू गेल्यास हा प्रश्न येतो. ‘हो’ म्हणणे एका क्लिकचे काम. परत फिरायचे, तर विंडोजच्या साधनाने डिस्कवरील सर्व भाग पुसावे लागतात.

ॲपलच्या संगणकावर तर हा प्रश्नच बदलला आहे. २०१७ पासून मॅकमध्ये एपीएफएस ही पद्धत आली. तिच्यात एकाच जागेत अनेक व्हॉल्यूम करता येतात आणि मोकळी जागा त्या सर्वांना सामाईक असते. डिस्क युटिलिटी या मॅकमधील साधनात पार्टिशनऐवजी व्हॉल्यूम वाढवावा. कोणाला किती जागा द्यायची, याची चिंताच उरत नाही.

हात घालण्यापूर्वी

सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असो, पुढील तयारीला पर्याय नाही.

महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रत घेतली, एवढ्यावर समाधान मानू नये. त्यातील दहा-वीस फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत हवी असल्यास क्लोनझिला हे मोफत साधन उपयोगी पडते. प्रत घेऊन झाल्यावर ती बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, म्हणजे चुकून तिचीच निवड होण्याचा धोका राहत नाही.

त्यानंतर चेकडिस्क चालवून डिस्कवरील दोष तपासावेत. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल किंवा फायली उघडण्यास अकारण वेळ लागत असेल, तर विभाजनाचा विचार सोडून आधी मजकूर वाचवावा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जर जोडलेला असावा. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावा. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालू असताना हे काम पुढे ढकललेले बरे. एका वेळी एकच बदल करावा, संगणक नीट सुरू होतो हे पाहावे आणि मगच पुढच्या बदलाकडे वळावे. काम चालू असताना ते मध्येच थांबवू नये, मग पडदा कितीही वेळ एकाच टक्क्यावर अडकलेला दिसो.

बिघडलेच तर

पार्टिशन चुकून पुसले गेले, तर पहिला नियम एकच : त्या डिस्कवर काहीही लिहू नये. विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारेल, नाही म्हणावे. पार्टिशन पुसल्याने बहुधा तक्त्यातील नोंद तेवढी जाते. मजकूर तेथेच असतो. टेस्टडिस्क हे मुक्तस्रोत साधन हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधून तक्ता पुन्हा लिहू शकते. ते दुसऱ्या संगणकावरून किंवा पेन ड्राइव्हवरून चालवावे आणि वाचवलेल्या फायली दुसऱ्याच डिस्कवर ठेवाव्यात. एसएसडी फॉरमॅट झाली असेल, तर आशा कमी असते. मोकळी झालेली जागा विंडोज ‘ट्रिम’ या आज्ञेद्वारे एसएसडीला कळवते आणि एसएसडी ती स्वतःहून साफ करून टाकते. अशा वेळी आपणच प्रयोग करत राहण्यापेक्षा जाणकार व्यावसायिकाकडे जावे.

थोडक्यात सांगायचे, तर ‘डी’ हवा एवढेच असेल, तर विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट पुरेसे आहे. पार्टिशन सरकवायचे असेल, तर जीपार्टेड किंवा मर्यादा तपासून घेतलेले एखादे व्यावसायिक साधन वापरावे. नवे विभाजन केवळ सवयीपोटी हवे असेल, तर ते न करणे उत्तम. आणि विभाजनासाठी जो पैसा व वेळ खर्च होणार होता, त्यातून एक बाहेरची डिस्क घेऊन घरातील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची प्रत तिच्यावर ठेवावी. पार्टिशनमुळे फायलींना स्वतंत्र खोली मिळते. छप्पर कोसळल्यावर उपयोगी पडते ते मात्र दुसरे घर.